शेंगांची टरफले

आज संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेलो असताना मित्राने पुडीतली एकेक भाजकी शेंग फोडली, दाणे पुडीतच परत टाकले आणि टरफलांचे बारीक तुकडे करत तो बसून राहिला. अर्ध्या तासात एकही दाणा त्याच्या तोंडात गेला नाही.

“काहीतरी वाईट घडणार म्हणून रात्रभर जागा असतो, आणि उजाडलं की अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही,” तो म्हणाला.

या दोन तक्रारी मी वेगळ्या समजत होतो, आणि खरे सांगायचे तर दुसरीला आळस म्हणत होतो. वास्तविक तीव्र नैराश्यात चिंता बरेचदा सोबत असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत नैराश्यासोबत ती वेगळी नोंदवण्याची सोय केली, कारण ती असली की आजार लांबतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. काळजीने झोप उडते, झोपेविना उरलासुरला उत्साह आटतो, कामे साचतात आणि साचलेली कामेच नवी काळजी होऊन बसतात.

डॉक्टरांना मात्र त्याने फक्त झोपेचे सांगितले आहे. “बाकीचं काय दुखणं आहे होय?”

पुढच्या वेळी सोबत येऊ का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.