मला एकरकमी नको, महिन्याची पोटगी हवीय

परवा दादाकडे जेवायला गेले होते तर परत तोच विषय निघाला, घटस्फोटानंतर नवऱ्यानं एकरकमी पंधरा लाखांत मिटवायचं म्हटलंय त्याचा. दादा म्हणाला, "पंधरा लाख म्हणतायत न्हवं ते, घे की आणि हो मोकळी, किती दिवस कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार हायस." वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसती माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली. मी पण गप्पच बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून इथं लिहितीय, कारण दादापुढं मला हे नीट बोलता येत नाही, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील ज्यांच्यापुढं कुणीतरी असाच एक आकडा ठेवून "मिटवून टाक" म्हणत असेल.

माझं लग्न १९९६ चं. सासरी सांगलीत हळदीची अडत, म्हणजे शेतकऱ्यांची हळद विकून देण्याचं दुकान. नवीन नवीन होते तेव्हा सासरे हौसेनं हरिपूरला पेवं दाखवायला घेऊन गेले होते, जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड एवढंसं आणि आत पोत्यांवर पोती हळद मावायची. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी शिरून त्यातली बहुतेक गेली. मी बीकॉम होते, म्हणून वर्षभरातच सासऱ्यांनी कीर्द-खतावणी, म्हणजे दुकानाच्या हिशोबाच्या वह्या, माझ्या हातात दिली. मग शेतकऱ्याची पट्टी म्हणजे मालाचं बिल काढायचं, हमाली तोलाई वजा करायची, संध्याकाळी रोकड जुळवायची, आणि हे सगळं सकाळचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं दुखणं सांभाळून. पगार असा कधी कुणी दिला नाही आणि मी मागितलाही नाही. घरचंच दुकान, पगार कसला मागायचा असंच तेव्हा वाटायचं. २०१७ ला जीएसटी आला, सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि एक मुलगा पगारावर ठेवला. मी वीस वर्षं जे काम केलं त्याला पगार असतो हे मला त्या मुलाचा पहिला पगार झाला तेव्हा कळलं.

पुढं आमच्यात काय बिनसलं ते इथं लिहीत नाही, मुलं मोठी आहेत, त्यांना ते वाचायला लागू नये. २०२२ ला मी घर सोडलं, त्याच वर्षी ह्यांनी घटस्फोटाचा अर्ज टाकला. यंदा निकाल लागून घटस्फोट झाला. केस चालू होती तोवर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मिळत होती, महिना १२ हजार. ती केस चालू असेपर्यंतचीच असते. घटस्फोटानंतरच्या कायमच्या पोटगीसाठी कलम २५ आहे, आणि तो अर्ज निकालाच्या वेळी किंवा निकालानंतरसुद्धा करता येतो. हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं निकाल लागला की सगळे हक्क संपले. विजयनगरला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथून मला वकील मॅडम मिळाल्या, त्यांनी सांगितलं. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती आहे ते बघत नाहीत. पहिलं वर्ष मी दागिने मोडून फी भरली, ती भरायची गरजच नव्हती, म्हणून हे मुद्दाम लिहितीय.

तर कलम २५ मध्ये दोन्ही सोयी आहेत. कोर्ट एकरकमी देऊ शकतं, किंवा महिन्याला, आणि महिन्याची असेल तर मागणाऱ्याच्या हयातीपर्यंत देता येते. परत लग्न केलं तर समोरचा ती बदलून किंवा बंद करून मागू शकतो, परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही कमी-जास्तीसाठी अर्ज करू शकतं. मी हयातीपर्यंतची मागितलीय.

आता दादाच्या पंधरा लाखांचं. मी आयुष्यभर हिशोबच केलेत, म्हणून हाही मांडून बघितला. बँकेत ठेवले आणि ७ टक्के धरले तरी वर्षाला १ लाख ५ हजार, म्हणजे महिन्याला ८,७५०. विश्रामबागला मी राहते त्या दोन खोल्यांचं भाडंच ५ हजार आहे. बीपीच्या गोळ्या, लाईट, गॅस, आणि खायचं काय? मग मुद्दलाला हात लागणार आणि एकदा मुद्दलाला हात लागला की ते किती झपाट्यानं संपतं हे मी दुकानात लोकांचं बघितलंय. माझं वय ५२. आई ८४ ची होऊन गेली. मी पासष्टीत पोचेन तेव्हा ते पैसे संपलेले असतील आणि मागायला कुठलंच दार उरणार नाही, कारण कागदावर "सर्व हक्क सोडले" अशी माझीच सही असेल.

आणि मला नुसती महिन्याची नको, वाढणारी हवीय. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं कोलकात्याच्या एका केसमध्ये महिना ५० हजार पोटगी दिली आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ सांगितली. एवढी रक्कम आमच्यात कुणी मागणार नाही, पण वाढीचा मुद्दा मॅडमनी माझ्या अर्जात घातलाय. दुसरं म्हणजे बोजा. पोटगीच्या रकमेचा बोजा समोरच्याच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो हेही त्याच कलमात आहे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं, पण बायकोच्या पोटगीचाही चढू शकतो हे मला ५२ व्या वर्षी कळलं. गोडाऊनवर तो मागितलाय, म्हणजे उद्या परस्पर विकून "आता माझ्याकडं काही नाही" असं होऊ नये.

लोक म्हणतात, मुलगा आहे की पुण्याला. आहे, गुणाचा आहे, मागितलं तर नाही म्हणणार नाही. पण त्याचं आत्ता लग्न झालंय, घराचा हप्ता चालू आहे, आणि दर महिन्याला सुनेसमोर त्याच्या तोंडाकडं बघायचं मला जमणार नाही. मी ज्या घरात २६ वर्षं राबले तिथलंच मला पाहिजे.

कोर्टात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. हे सुप्रीम कोर्टाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून सगळीकडं सक्तीचं झालंय, ते प्रकरण मुळात आपल्या नागपूरचं. त्याच निकालात असंही आहे की अर्ज केल्या तारखेपासून पोटगी धरायची, आणि कायमची ठरवताना लग्न किती वर्षं टिकलं ते बघायचं, थोड्या दिवसांच्या लग्नाला जन्मभराची पोटगी बरोबर होणार नाही पण लांबच्या लग्नाचं तसं नाही. मी एका मेडिकल दुकानाचा हिशोब लिहिते त्याचे ६ हजार मिळतात, ते मी शपथपत्रात लिहिले. एक मैत्रीण म्हणाली लपव, पोटगी कमी होईल. मी नाही लपवले. बायको थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारता येत नाही हेही त्याच निकालात आहे, आणि खोटं सापडलं तर बाकीच्या खऱ्यावरही कोण विश्वास ठेवणार.

ह्यांचं लेखी म्हणणं मागच्या तारखेला आलं. उत्पन्न दाखवलंय महिना ३५ हजार. ते वाचून वाईट वाटलं, पण खरं जिव्हारी लागलं ते पुढचं वाक्य, "अर्जदार ही केवळ गृहिणी होती, जाबदेणार यांचे व्यवसायाशी तिचा काहीएक संबंध नव्हता." मॅडमच्या ऑफिसात मी ते तीनदा वाचलं आणि मला बोलताच येईना. मॅडमनी पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्या हातचं काही लिहिलेलं शिल्लक आहे का? मी नाही म्हणाले.

परवा दादाकडून आल्यावर झोप लागत नव्हती तेव्हा आठवलं. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर भिजलेल्या कीर्दी मी टेम्पोत घालून दादाकडं नेल्या होत्या, त्याच्या गच्चीवर एकेक पान उलटत आठ दिवस वाळवल्या होत्या. हिशोब कॉम्प्युटरवर गेलेला, त्यामुळं परत कुणी मागितल्याच नाहीत. त्या तिथंच माळ्यावर टाकलेल्या.

सकाळी सातला दादाला फोन केला. तो पंधरा लाखांचंच परत काढणार होता, मी म्हणलं आधी माळ्यावर चढ. शिडी लावल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग म्हणाला, "हायत गं. अकरा हायत. सगळं तुझंच अक्षर हाय." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "आज गाडी घेऊन येतो, कुठं आणून देऊ, घरी का वकिलाकडं?"

वकिलांकडंच दे म्हणलं.