पहिली कोण, ते राहू दे

महिला दिन किंवा डॉक्टर्स डेला एखाद्या कॉलेजात बोलायला गेले की शेवटी एक हात हमखास वर येतो. "मॅडम, भारतातल्या पहिल्या डॉक्टर बाई कोण? आनंदीबाई जोशी की रखमाबाई?" आमच्या डॉक्टर संघटनेच्या मासिकात दिवंगत सहकाऱ्यांवर टिपण मी लिहिते, म्हणजे जुने डॉक्टर हा माझाच विषय, असा लोकांचा समज. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

पदवी आधी आनंदीबाईंना. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाची जागाही त्यांच्यासाठी ठरली होती. पण त्या मायदेशी आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, तेव्हा बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. म्हणजे आपल्या सर्वांत प्रसिद्ध डॉक्टरबाईंना इथे दवाखाना उघडून एकही पेशंट बघायला मिळाला नाही. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, पकिप्सी गावच्या दफनभूमीत आहेत. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं ठेवून घेतलं, त्यांच्या घरच्यांच्या जागेत.

रखमाबाई १८९४ साली विलायतेहून डॉक्टर होऊन परतल्या. पुढच्याच वर्षी सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, तिथे वीसेक वर्षं काढली, मग राजकोटला. सगळी मिळून पस्तीसेक वर्षांची प्रॅक्टिस. गेल्या १९५५ मध्ये, नव्वदी गाठून.

आणि तरी रखमाबाई म्हटलं की काय आठवतं? खटला. दादाजी भिकाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून १८८४ साली कोर्टात धाव घेतली. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. हे मोठंच आहे, मी कमी लेखत नाही. (त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये, हे सगळं चालू असतानाच गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते, त्यांतले ते एक. त्यांचं नाव तर प्रश्नातसुद्धा येत नाही.)

पण खटला चार वर्षांचा आणि दवाखाना पस्तीस वर्षांचा. मग दवाखाना कुठे गेला? माझं उत्तर असं की खटल्याचे कागद होतात, सुखरूप बाळंतपणाचे होत नाहीत. बाई मूल घेऊन घरी गेली की डॉक्टरचं काम पुसलं गेलं. काही बिघडलं तरच ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. रखमाबाईंची एक आठवण सांगितली जाते. दवाखान्यात बाळंत व्हायला बायका घाबरत, म्हणून त्यांनी म्हणे गाभण मेंढी आणून सगळ्यांदेखत तिची सुटका केली. मला त्या कोर्टातल्या बाणेदार बाईंपेक्षा बाह्या सरसावून मेंढीपाशी बसलेल्या या बाई जास्त ओळखीच्या वाटतात.

म्हणून पहिली कोण, याचं उत्तर मी देते, पण हल्ली विचारणाऱ्याला उलट विचारते: मंगळवारी सकाळी दहा वाजता त्या काय करत असतील?

टिपण लिहितानाही माझी हीच अडचण. घरचे लोक बिचारे लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं काढून देतात. एमबीबीएस अमुक साली, सुवर्णपदक, रोटरीचं अध्यक्षपद. गेल्या वर्षी आमच्या गावच्या एक भूलतज्ज्ञ बाई गेल्या. भूलतज्ज्ञाला तर दुहेरी शाप, पेशंट त्यांच्यासमोर झोपलेलाच. नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात आणि भूल देणाऱ्या बाई मागच्या दाराने स्कूटर काढून पुढच्या हॉस्पिटलात. मुलाने मला व्हॉट्सॅपवर तीन ओळी पाठवल्या, त्याही पदव्यांच्याच.

शेवटी ऑपरेशन थिएटरमधल्या जुन्या सिस्टरना फोन लावला. त्या आधी म्हणाल्या, "मला काय माहीत हो, मी आपली ट्रॉली लावायचे." मग थोड्या वेळाने त्यांनीच उलटा फोन केला. "मॅडम प्रत्येक पेशंटला इंजेक्शन देताना विचारायच्या, उद्या जेवायला परवानगी मिळाली की काय खाणार? पेशंट सांगायला लागायचा, भरली वांगी, नाहीतर पिठलं, आणि मधेच झोपी जायचा. आणि दुसऱ्या दिवशी राउंडला आल्या की मॅडमना ते लक्षात असायचं. 'काय, वांगी आली का?' म्हणायच्या."

पदव्या मी शेवटच्या ओळीत टाकल्या.