सोझा, पिंटो आणि दुसरा वांगड

मी पणजीत जुन्या पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करून देते. जन्माच्या नोंदी, लग्नाचे करार, जमिनीची खतं, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेच्या, वह्यांचे उतारे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथला सरकारी व्यवहार पोर्तुगीजमधून चालला, त्यामुळे आजोबांच्या घराचा हिस्सा असो की नातवाचा पासपोर्ट, त्या भाषेतला एखादा कागद कधी ना कधी समोर येतोच. आणि त्या कागदावर सगळ्यात जास्त अडतं ते आडनावापाशी.

सोझांच्या फायली तर फारच किचकट. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘दे सोझा’ झेडने, जन्मदाखल्यात एसने, मुंबईच्या शाळेच्या दाखल्यावर नुसता डी, त्याला अपॉस्ट्रॉफी आणि पुढे नाव, आखातातल्या व्हिसावर सगळं एकत्र चिकटवलेलं. माणूस एकच. पोर्तुगालमध्ये १९११ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि तिथे एस पक्का झाला. ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे झेड टिकून राहिला, कारण कानाला ‘झ’च ऐकू येतो. अपॉस्ट्रॉफी मात्र पोर्तुगीज रीतीत इथे बसत नाही. ‘दे’मधला स्वर गळतो तो पुढचं नाव स्वराने सुरू होत असेल तर, अल्मैदाच्या आधी वगैरे. तरी वसईपासून मंगळूरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर तीच रूढ झाली आहे. कुणी ती चूक म्हणून खोडायला निघालं तर मी खोडू देत नाही. जे नाव घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली, ते त्यांचं आहे.

गेल्या पावसाळ्यात एक डिसोझाबाब आले. मूळ उत्तर गोव्यातल्या बार्देशातले, आयुष्य गेलं बोटीवर. आमच्याकडे त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईला धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावच्या लोकांसाठीच्या वसतिगृहात, राहायचे, तिथून बोटीची नोकरी मिळाली, निवृत्तीनंतर गावच्या घरी परतले. मुलाचं नाव कोमुनिदादीच्या जोणाच्या यादीत घालायचं होतं. गावकारांच्या पुरुष वारसांना गावच्या सामाईक उत्पन्नातून दरवर्षी मिळतो तो हिस्सा म्हणजे जोण. रक्कम किरकोळ असते, पण त्या यादीत नाव असणं म्हणजे गावाचा मूळ माणूस असणं, आणि त्यासाठी लोक किती खटपट करतात ते मी रोज बघते.

कागदांच्या पिशवीतून त्यांनी आधी एक फ्रेम काढली. लाल ढालीवर चार पांढऱ्या चंद्रकोरी.

“बाय, हें पळय. हें आमचें घराणें.”

मुलीने परदेशातून मागवून वाढदिवसाला दिली होती. सोबतच्या छापील पानावर लिहिलं होतं की जगातले सगळे सोझा एका सरदाराचे वंशज. डिसोझाबाबांना ते मनापासून पटलं होतं, आणि त्यांच्याकडे त्याला पुरावाही होता. जिथे जिथे बोट लागली तिथे तिथे त्यांनी आपल्या आडनावाची माणसं शोधली होती आणि एका वहीत लिहून ठेवली होती. ब्राझीलमध्ये सांतुसच्या बंदरातला कारकून. लिस्बनमधली खानावळवाली. पश्चिम आफ्रिकेत, बेनिनमध्ये कोतोनूच्या धक्क्यावरचा क्रेनवाला, ज्याने आडनाव ऐकून त्यांना घरी जेवायला नेलं. मंगळूरचे तर कितीतरी. “कुठेही जा, आपला माणूस असतोच,” ते म्हणाले. माझ्याकडून त्यांना या सगळ्यांना जोडणारी वंशावळ हवी होती.

ढालीवरच्या चंद्रकोरी खऱ्याच आहेत. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली एक नदी. फेलगैराश भागात उगम पावते, पेनाफियेलच्या बाजूने वाहत पोर्तू शहराच्या थोडं वर दोरू नदीला मिळते. तिच्या नावाचा संबंध काही अभ्यासक लॅटिनमधल्या खडकांसाठीच्या शब्दाशी लावतात, पण त्यावर एकमत नाही. तिच्या खोऱ्यात जहागीर असलेला एगश गोमिश हा अकराव्या शतकातला सरदार ‘दे सोझा’, म्हणजे सोझाकडचा, असं नाव लावणारा पहिला मानला जातो. आपल्याकडे गावावरून चिपळूणकर व्हावं तसंच ते झालं. पोर्तुगालच्या सगळ्यात जुन्या पाच घराण्यांत त्याची गणना होते. पुढे पुरुषवंश खुंटला, मुलींच्या बाजूने वारसा चालला, राजा तिसऱ्या अफोंसूच्या अनौरस मुलांशी सोयरीक झाली आणि ढालीवर राजचिन्हंही आली. म्हणजे खुद्द पोर्तुगालमधल्या त्या सरदार सोझांमध्येसुद्धा नाव एका वाटेने आलं आणि बापाचं रक्त दुसऱ्या वाटेने.

हे सगळं मला माहीत होतं, पण फ्रेमबद्दल काही बोलण्याआधी मी कोमुनिदादीचा उतारा वाचायला घेतला. आधी समोरचा कागद वाचावा, मग बोलावं, असा माझा शिरस्ता आहे.

उतारा एकोणिसाव्या शतकात केलेल्या प्रतीचा होता, अक्षर देखणं. गावाचे वांगड क्रमाने लिहिलेले. वांगड म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांपैकी एकेक कूळ. डिसोझाबाबांचे पणजोबा दुसऱ्या वांगडात सापडले. त्यांच्या वर-खाली त्याच वांगडातली इतर घरं होती, दोन सोझांची, एक लोबोंचं, तीन पिंटोंची. आणि वांगडाच्या मथळ्यावर जुन्या वहीतून उतरवून घेतलेलं मूळपुरुषाचं नाव होतं, त्याच्या शेवटी ‘नायक’.

मी मोठ्याने वाचत होते. पिंटोंपाशी त्यांनी मला थांबवलं.

“पिंटो? कुठले पिंटो?”

घरांची जागा सांगितली तेव्हा ते बराच वेळ उताऱ्याकडे बघत राहिले. हे त्यांचे शेजारी. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवरून त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून दोन्ही घरांत दावा चालू होता.

मग मी त्यांना सांगितलं. १५४३ साली विजापूरच्या आदिलशहाकडून गोव्यातले बार्देश आणि सासष्टी हे प्रांत पोर्तुगीजांकडे गेले. पुढच्या काही दशकांत बार्देशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेझुइट पाद्री गावोगाव फिरले. बाप्तिस्म्याच्या वेळी आडनाव मिळायचं ते बहुधा पाद्र्याचं, नाहीतर धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीजाचं. एक भाऊ एका दिवशी सोझा झाला, दुसरा दुसऱ्या वेळी पिंटो. त्याच दिवशी त्याच पाद्र्याकडे आलेला शेजारच्या वाड्यावरचा कुळंबीही सोझाच झाला. त्यामुळे एका रक्ताची माणसं वेगवेगळ्या आडनावांत वाटली गेली आणि एका आडनावात कुठली कुठली माणसं एकत्र आली. नातं कोण कुणाचं, ते गावकारीने, म्हणजे कोमुनिदादीने, वांगडात जपलं. मंगळूरकडे गेलेल्यांतली काही घरं अजून डिसोझाच्या जोडीने प्रभू किंवा शेट लावतात, तेही याच आठवणीतून.

१५४३ साली इथे गव्हर्नर कोण होता हेही मी सांगितलं, कारण ते त्यांच्या वहीशी जुळत होतं. मार्तिम अफोंसू दे सोझा. आदल्या वर्षी, ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला तेव्हा फ्रान्सिस झेवियर त्याच्याच ताफ्यातून आले होते. आणि त्याआधी १५३२ मध्ये याच माणसाने ब्राझीलमध्ये साँव व्हिसेंती ही वसाहत वसवली होती, सांतुसला अगदी लागून. १५४९ मध्ये ब्राझीलचा पहिला गव्हर्नर-जनरल झाला तोही सोझाच, तोमे दे सोझा. डिसोझाबाबांना सांतुसच्या कारकुनाचं आडनाव जिथे वाचायला मिळालं, तिथे ते सत्तेबरोबर पोहोचलं होतं, आणि तिथले मूळ रहिवासी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्या अंगावर ते बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर पडलं होतं. १८८८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, आडनाव राहिलं.

कोतोनूचा क्रेनवाला राहिला होता. ते सांगणं मला सगळ्यात जड गेलं. बेनिनच्या किनाऱ्यावर विदा नावाचं बंदर आहे. ब्राझीलमधल्या बाहियात जन्मलेला फ्रान्सिस्कू फेलिश दे सोझा तिथे गुलामांचा व्यापार करून गब्बर झाला. दाहोमे या तिथल्या राज्याच्या गेझो राजाला गादीवर यायला त्याने मदत केली, बदल्यात ‘शाशा’ हा किताब मिळवला आणि १८४९ मध्ये तिथेच वारला. त्याचा गोतावळा प्रचंड वाढला. त्या आडनावाचे लोक पुढे बेनिनमध्ये मोठ्या पदांवर गेले.

“म्हणजे तो माझा दोस्त त्याचा वंशज, की त्याने विकलेल्यांच्या भावकीतला?” डिसोझाबाबांनी विचारलं.

नावावरून ते कळत नाही, मी म्हटलं. मालकाचं आडनाव गुलामाला लागायची रीत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर होती.

“जेवायला नेलं होतं मला त्याने,” ते म्हणाले. वही त्यांनी उघडीच ठेवली होती. पेन मागून घेतलं आणि कोतोनूच्या ओळीसमोर विदा असं लिहिलं. सांतुससमोर १५३२. त्या माणसांपैकी एकाचंही नाव त्यांनी खोडलं नाही, आणि ते मला फार बरं वाटलं. ती माणसं नात्याची नव्हती, पण त्यांच्या नावामागे कुठल्या ना कुठल्या गव्हर्नराचा, मालकाचा किंवा पाद्र्याचा हात होता, जसा डिसोझाबाबांच्या नावामागेही होता. वंशावळीपेक्षा हा धागा मला जास्त खरा वाटतो, आणि तो सांगताना ढालीच्या गोष्टीची गोडी कमी झाली तरी चालेल असं मला वाटतं.

भाषांतरात मी आडनाव मूळ नोंदीत होतं तसंच ठेवलं, आणि खाली टीप दिली की पुढच्या कागदांवरची रूपं त्याच व्यक्तीची आहेत. कोमुनिदादीच्या कारकुनाला तेवढं पुरतं. वांगडाची ओळ मात्र डिसोझाबाबांनी वेगळ्या कागदावर देवनागरीत लिहून मागितली, मूळपुरुषाच्या नावासकट, आणि त्याच्या दोन प्रती.

दुसरी प्रत कुणासाठी ते मी विचारलं नाही. काही दिवसांनी पिंटोंची सून आपल्या सासऱ्यांचा जन्मदाखला घेऊन आली, तेव्हा तिच्या हातात ती होती. तिलाही मुलाचं नाव जोणाला लावायचं होतं. वाटेचा दावा म्हापशाच्या कोर्टात अजून चालूच आहे. दोन्ही घरांचे जोणाचे अर्ज मात्र डिसोझाबाबांनी एकाच दिवशी नेऊन दिले.