दुसऱ्या माध्यमात न मावणाऱ्या गोष्टी

आवडता चित्रपट, आवडती ग्राफिक कादंबरी किंवा आवडता गेम कोणता, असे कुणी विचारले की मी आधी मनातल्या मनात एक कसोटी लावून पाहते: हीच गोष्ट दुसऱ्या माध्यमात सांगितली तर तिच्यातले काय हरवेल? फारसे काही हरवणार नसेल, तर ती कितीही रंजक असली तरी माझ्या यादीत वर चढत नाही. ही कसोटी एकांगी आहे आणि तिच्यापायी काही चांगल्या कलाकृतींवर माझ्याकडून अन्यायही होत असेल. (पुढे काही कथांचे शेवट उघड होतात, तेव्हा ज्यांना ते नको असतील त्यांनी इथेच थांबावे.)

अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ च्या ‘इकिरू’ या जपानी चित्रपटात पोटाच्या कर्करोगाने ग्रासलेला वातानाबे हा नगरपालिकेतला विभागप्रमुख एक जुने गाणे दोनदा गातो. पहिल्यांदा तो रात्रीच्या गजबजाटात गातो, तेव्हा त्याचा खोल गेलेला आवाज ऐकून आजूबाजूचे लोक गप्प होतात. दुसऱ्यांदा गातो ते बर्फ पडत असताना, स्वतः खस्ता खाऊन उभ्या केलेल्या मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यावर बसून. कागदावर छापले तर ते शब्द दोन्ही वेळा सारखेच दिसतील. फरक आहे तो वातानाबेची भूमिका करणाऱ्या ताकाशी शिमुरा यांच्या आवाजात. शिवाय झोपाळ्याचे हे दृश्य आपल्यासमोर येते ते वातानाबेच्या मृत्यूनंतर, त्याच्या शोकसभेत दारू पिऊन वाद घालणाऱ्या सहकाऱ्यांचे बरेच बोलणे ऐकून झाल्यावर, आणि तोवर आपल्याला निमूटपणे बसून राहावे लागते. ही सक्ती चित्रपटच करू शकतो.

ग्राफिक कादंबरीत अशी सक्ती नसते, म्हणूनच रिचर्ड मॅग्वायर यांचे ‘हिअर’ मला विशेष प्रिय आहे. १९८९ मध्ये अवघ्या सहा पानांची असलेली ही कल्पना २०१४ मध्ये पुस्तकरूपाने विस्तारली. जवळजवळ प्रत्येक जोडपानावर एकच जागा आहे, खोलीचा कोपरा नेमका पुस्तकाच्या शिवणीवर येतो, आणि एका सालच्या चित्रात दुसऱ्याच सालच्या लहान चौकटी बसवलेल्या असतात. कोणत्या चौकटीकडे आधी पाहायचे आणि किती वेळ रेंगाळायचे, हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवायचे. २०२४ मध्ये रॉबर्ट झेमेकिस यांनी यावर चित्रपट केला, कॅमेराही जवळजवळ शेवटपर्यंत जागचा हलू दिला नाही, तरी मला तो उपरा वाटला, कारण माझे रेंगाळणे तिथे दिग्दर्शकाने ठरवले होते.

गेमच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. थोडी मारामारी झाली की कंट्रोलर मांडीवर ठेवून दहा मिनिटांचा चित्रपट पाहायला लावणाऱ्या गेमचे अकारण कौतुक होते, असे माझे मत आहे. याउलट २०१७ च्या ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ या दोन-तीन तासांच्या गेममध्ये मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या लुईसचा एक प्रसंग आहे. कंट्रोलरवरच्या उजव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या छोट्या दांडीने, मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, डोके उडाले की पुढे सरकवायचा. त्याच वेळी डाव्या स्टिकने लुईसच्या कल्पनेतल्या राज्यात फिरायचे. ते राज्य सुरुवातीला पडद्याचा एक कोपरा व्यापते, मग पसरत पसरत सगळा कारखाना झाकून टाकते, आणि उजवा हात मात्र न पाहता मासे कापतच राहतो. माणूस कामावर हजर असूनही तिथे कसा नसतो, यावर पानेच्या पाने लिहिता येतील, पण इथे ते आपल्याच दोन अंगठ्यांना कळते. शेवटी राज्याभिषेकासाठी लुईस मान खाली घालतो आणि ते पाते कुठे आहे हे आपल्याला लख्ख आठवते.

अशा गेमना ‘नुसते चालण्याचे गेम’ म्हणून हिणवणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. तो प्रसंग मी पहिल्यांदा खेळले तेव्हा पडदा काळा झाल्यावरही माझा उजवा अंगठा मासा सरकवल्यासारखा एकदा हलला होता.