निफाडच्या द्राक्षबागेतून आंतरराष्ट्रीय कायदा शिकताना

एलएल.एम.च्या प्रबंधासाठी मी ‘आंतरराष्ट्रीय कायदा आणि राष्ट्रीय विधिव्यवस्था’ हा विषय घेतला, तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली : नाशिकमध्ये राहून ज्याचा माग काढता येईल असे उदाहरण निवडायचे. मी निर्यातीची द्राक्षे निवडली.

सुरुवातीचे महिने वाचनात गेले. एकत्ववाद (आंतरराष्ट्रीय कायदा आपोआप देशाचाही कायदा असतो) आणि द्वैतवाद (त्यासाठी देशात वेगळा कायदा करावा लागतो) ही मांडणी परीक्षेपुरती पाठ होती. ती खरी उमगली निकालपत्रे मुळातून वाचल्यावर. भारताने करारावर सही केली म्हणून तो आपोआप देशातला कायदा होत नाही. करार अमलात आणणारा कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला आहे. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी हे तत्त्व मान्य केले आणि तरीही नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकाशात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५१ वाचून, केवळ कर्ज फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय दिला. १९९७ च्या विशाखा निकालात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची उणीवच न्यायालयाने महिलाविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे भरून काढली. संसदेचा कायदा त्यानंतर २०१३ मध्ये आला. उलट २०२३ च्या नेस्ले प्रकरणात करविषयक कराराचा लाभ आयकर कायद्याच्या कलम ९० खालील अधिसूचनेशिवाय मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हे तीन निकाल शेजारी ठेवून वाचावेत, असे मी या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगेन, कारण हक्कांच्या प्रश्नात न्यायालय जितके पुढे जाते तितके महसुलाच्या प्रश्नात जात नाही, हे त्यांतून स्पष्ट दिसते.

त्यानंतर निफाड तालुक्यातील एका बागायतदार काकांकडे गेले. त्यांनी फवारणीची वही समोर ठेवली : औषधाचे नाव, प्रमाण, तारीख, त्यानंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस आणि फवारणाऱ्याची सही. ही वही ठेवायला कोणी सांगितले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “कंपनीवाल्यांनी. युरोपात माल पाठवायचा तर ठेवावीच लागते, ताई.”

त्या एका उत्तराची उकल करण्यात प्रबंधाची माझी दोन प्रकरणे खर्ची पडली. युरोपीय संघाच्या ३९६/२००५ या विनियमानुसार, ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात द्राक्षे अडकली, ती आठवण बागायतदारांत अजून ताजी आहे. अशा मर्यादांना वैज्ञानिक आधार हवा, ही अट जागतिक व्यापार संघटनेच्या करारात आहे. पण त्या मंचावर दाद सरकारच मागू शकते, शेतकरी नाही. देशात अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात विकास संस्थेची ग्रेपनेट प्रणाली बागेच्या नोंदणीपासून मालाचा माग ठेवते. आणि ग्लोबलगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचे प्रमाणपत्र तर कोणत्याच सरकारने केलेले नाही. १९९७ मध्ये युरोपातील किरकोळ विक्रेत्यांनी ते युरेपगॅप या नावाने सुरू केले. अमेरिकी कायदेपंडित फिलिप जेसप यांनी १९५६ मध्ये पारराष्ट्रीय कायद्याची, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यवहारांना लागू होणाऱ्या सगळ्या नियमांची, संकल्पना मांडली, तेव्हा देशांमधील करारांइतकेच असे खासगी नियमही त्यांनी विचारात घेतले होते.

विक्रीकरारांचे नमुने वाचताना आणखी एक बाब हाती लागली. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या संयुक्त राष्ट्र कराराचा भारत सदस्य नाही, नेदरलँड्स आहे. त्यामुळे विक्रीकरारात नुसता ‘डच कायदा लागू’ असा उल्लेख असेल आणि संयुक्त राष्ट्र करार वगळलेला नसेल, तर भारताने न स्वीकारलेले नियम नाशिकच्या निर्यातदाराला लागू होतात. निर्यातदारांनी ते कलम वकिलाकडून तपासून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी विचारले, की खासगी प्रमाणपत्र नाकारले गेले तर शेतकरी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाऊ शकेल का. प्रमाणन संस्था सार्वजनिक स्वरूपाचे कर्तव्य बजावते हे दाखवता आले तरच, असे मी उत्तर दिले. प्रबंध स्वीकारला गेला. हे कर्तव्य कशावरून ठरवायचे, यावर मी आता पुढील संशोधनाचा आराखडा लिहीत आहे.