आधी रिकामे रकाने दाखवा

माझा स्वतःचा असा संशोधनाचा विषय नाही. इतरांच्या संशोधनातली आकडेमोड तपासून देणं हे माझं काम. सकाळी एखादे डॉक्टर चाचणीची फाइल घेऊन येतात, दुपारी अर्थशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी, संध्याकाळी जुन्या समाजांच्या श्रद्धांचं कोष्टक मांडून बसलेले कुणी सर. विषय कुठलाही असो, लॅपटॉप उघडला की प्रत्येकाला आधी शेवटचा आलेख दाखवायचा असतो. तो नंतर बघू, मी म्हणते. आधी रिकामे रकाने दाखवा.

यावर बहुतेकांचे चेहरे पडतात. रिकाम्या रकान्याची काहींना लाज वाटते, काहींचं त्याकडे लक्षच गेलेलं नसतं, आणि काहींनी तो केव्हाच भरून टाकलेला असतो. शून्य घालून.

एका सांधेदुखीच्या औषधाची फाइल माझ्या चांगली लक्षात आहे. एका ओळीत एक रुग्ण. आडवे रकाने भेटींचे: सुरुवातीला, एका महिन्यानं, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात. प्रत्येक भेटीत वेदना ० ते १० या पट्टीवर. डावीकडचे रकाने भरगच्च, आणि उजवीकडे जावं तशी भोकं वाढत गेलेली. खरं औषध घेणाऱ्या गटात जरा जास्तच. सहाव्या महिन्यात जे आले होते त्यांची सरासरी मात्र झकास. परीक्षेला न बसलेली मुलं वगळून शाळेनं शंभर टक्के निकाल लावावा, त्यातला प्रकार.

न आलेल्यांचं काय झालं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘ड्रॉपआउट आहेत, मॅडम.’ हे काही कारण झालं नाही. नशिबानं त्यांच्या नर्सताईंनी फोनची वही नीट ठेवली होती. एका ओळीसमोर ‘पोटात जळजळ, गोळ्या बंद केल्या’. दुसऱ्या ओळीसमोर ‘काही फरक नाही, आता येणार नाही’. तिसरीसमोर ‘बदली झाली’. फाइलमध्ये तिन्ही रकाने सारखेच कोरे. पण बदली झालेला रुग्ण नाही आला म्हणून औषधाबद्दल काहीच कळत नाही, आणि पहिले दोघं तर औषधाचाच निकाल सांगून गेले होते. डॉक्टर वही चाळत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘ही वही स्कॅन करून फाइलला जोडायला हवी होती.’ हवीच होती.

डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञानं १९७६ साली या गोष्टीला शिस्त लावली. माहिती का गहाळ झाली, याच्या त्यानं तऱ्हा पाडल्या. एक, निव्वळ योगायोगानं. दुसरी, आपल्याकडे असलेल्या इतर माहितीवरून जिचा उलगडा होतो अशी. म्हणजे वयस्कर रुग्ण कमी येतात, पण वय आपल्याला ठाऊक आहे. तिसरी तऱ्हा वाईट: जो आकडा लिहिलाच गेला नाही, त्या आकड्यामुळेच तो लिहिला गेला नाही. दुखणं फार वाढलं म्हणून माणूस आला नाही. इथे उरलेल्या आकड्यांवर कितीही गणित केलं तरी ते आपल्याला सावध करत नाही, कारण फाइलमध्ये पुरावाच शिल्लक नसतो.

वैद्यकात वर्षानुवर्षं एक सोपी पळवाट चालत आली: रुग्ण शेवटच्या भेटीत जसा होता तसाच शेवटपर्यंत राहिला असं धरायचं आणि तोच आकडा पुढच्या रकान्यांत ओढायचा. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं चाचण्यांमधल्या गहाळ माहितीवर अहवाल काढला आणि या सवयीला चांगलंच फटकारलं. तरी माझ्याकडे अशा फाइली अजून येतात. ओढलेले आकडे ओळखायला सोपे असतात: ६, ६, ६. माणसाचं दुखणं इतकं शिस्तीत राहत नाही.

(रिकाम्या जागी ९९ किंवा उणे ९ लिहायची जुनी पद्धत आहे, तिनं मला बरंच हसवलंय. एका सर्वेक्षणात काही कुटुंबांना ९९ मुलं होती. सरासरीत ती सगळी धरलेली.)

निसर्गविज्ञानात यंत्रं असतात, म्हणून तिथे हा घोळ होत नसेल असं वाटतं. अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घसरण जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. त्यांचं साधन होतं तिथल्या हॅली या ब्रिटिश तळावरचं, जमिनीवर ठेवलेलं जुन्या धाटणीचं उपकरण. त्या वेळी नासाचा उपग्रहही वरून ओझोन मोजत होता. संगणकानं ते आकडे फेकून दिले, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती तंतोतंत खरी नाही. ठरावीक मर्यादेखालच्या आकड्यांवर ‘संशयास्पद’ अशी खूण पडत होती आणि नासातले लोक ती तपासतही होते. पण जाहीर करण्यात ब्रिटिश पुढे गेले. मला यात आवडतं ते हे की आकडे पुसले गेले नव्हते. खूण करून ठेवले होते, म्हणून परत जाऊन बघता आले.

अर्थशास्त्रातलं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं आणि बहुतेक जण ते चुकीचं सांगतात. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० सालचा निबंध: सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं मूळ एक्सेल फाइल मिळवली आणि २०१३ साली आपल्या दोन प्राध्यापकांसोबत दाखवून दिलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. दुरुस्त आकडा निघाला २.२ टक्के. मग ‘एक्सेलच्या चुकीनं जग बुडालं’ अशी आरोळी उठली. पण त्या सूत्राचा वाटा थोडाच होता. मोठा फरक पडला तो न्यूझीलंडची युद्धानंतरची काही वर्षं हिशेबात नसल्यानं, आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीनं. न्यूझीलंडचं एकटं १९५१ साल, वाढ उणे ७.६ टक्के, आणि ब्रिटनची १९ वर्षं यांना सारखाच मान. लेखकांनी सूत्राची चूक कबूल केली, बाकी मुद्दा सोडला नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सूत्राची भीती घालत नाही. कुठली वर्षं नाहीत आणि का नाहीत, ते एका कागदावर लिहून आणायला सांगते.

आता संस्कृतीच्या अभ्यासाकडे येते, कारण इथला रिकामा रकाना मला सगळ्यात अवघड वाटतो. मार्च २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. ‘सेशात’ नावाच्या मोठ्या ऐतिहासिक माहितीकोशातल्या ४१४ समाजांवरून लेखकांनी म्हटलं होतं की माणसांच्या पापपुण्याचा हिशेब ठेवणारे देव आधी आणि मोठे, गुंतागुंतीचे समाज नंतर, असं झालेलं नाही. क्रम उलटा आहे. दावा जोरदार होता. मग दुसऱ्या संशोधकांनी माहितीचं कोष्टक उघडून पाहिलं. ज्या काळाबद्दल ‘माहीत नाही’ अशी स्थिती होती, तिथे विश्लेषणात ‘असे देव नव्हते’ असं धरलेलं होतं. असे रकाने एकदोन नव्हते, भरपूर होते.

समाज लिहायला लागण्याआधी त्याचे देव काय करायचे, हे आपल्याला कोण सांगणार? भांडी सापडतात, हाडं सापडतात, भिंती सापडतात. ‘खोटं बोललास तर देव बघतोय’ हे वाक्य मातीत सापडत नाही. म्हणजे लिपी येईपर्यंत सगळीकडे ‘नाही’, आणि लिपी आली की अचानक ‘आहे’. लिपी तर मोठ्या समाजांतच येते. मग देव मोठ्या समाजानंतर आले असं दिसणारच! जुलै २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. फेरविश्लेषण करूनही आपला निष्कर्ष टिकतो असं लेखकांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबर असूही शकतील. पण पहिल्या फाइलनं ते सिद्ध केलं नव्हतं. मला मात्र याचं कौतुक वाटतं की माहिती खुली होती, म्हणून टीकाकारांना तो रकाना पाहता तरी आला.

कधी कधी अख्खा शोधनिबंधच रिकामा रकाना असतो. १९८० साली हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठीच्या लॉरकेनाइड या औषधाची चाचणी झाली, हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभराच्या आतल्या रुग्णांवर. औषध घेणाऱ्यांतले ९ जण गेले, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांतला १. संशोधकांना तो योगायोग वाटला, औषधाचं काम व्यावसायिक कारणांनी थांबलं, आणि निकाल छापला गेला नाही. छापला तो १९९३ साली, त्यांनी स्वतःच, हे न छापल्यामुळे काय घडलं असेल ते सांगत. मधल्या काळात त्याच जातीची औषधं, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड, सर्रास दिली जात होती. १९८९ साली एका मोठ्या अमेरिकन चाचणीत त्यांच्यामुळे मृत्यू वाढतात हे दिसलं. ९ विरुद्ध १ हा आकडा आधी कुणाच्या नजरेस पडला असता तर इशारा म्हणून पुरेसा होता.

त्यानंतर वैद्यकानं दोन कामं चांगली केली. २००५ पासून मोठी वैद्यकीय नियतकालिकं आधी नोंदणी न केलेली चाचणी छापत नाहीत, म्हणजे निदान रकाना आहे हे तरी कळतं. आणि चाचणीचा निबंध कसा लिहावा हे सांगणाऱ्या १९९६ च्या कॉन्सॉर्ट नियमावलीनं एक साधी आकृती रुळवली: किती जणांना विचारलं, किती आले, किती गळले, कुठल्या पायरीवर, कशामुळे. कुठलाही वैद्यकीय निबंध हातात आला की सारांशाच्या आधी मी ती चौकटी-बाणांची आकृती शोधते.

इतर शाखांत तिची सवय नाही. अर्थशास्त्रवाली मुलगी परवा कुरकुरत होती, ‘मॅडम, आमच्यात असं काढत नाहीत.’ तिच्याकडे स्त्रियांच्या मजुरीची आकडेवारी होती. अर्थात कामावर असलेल्यांचीच. ज्या घरी बसल्या त्यांना मजुरी किती मिळाली असती, तो रकाना कोराच. तुझ्याच विषयातल्या जेम्स हेकमननं नेमका यावरच १९७९ साली उपाय काढला आणि २००० साली नोबेल मिळवलं, हे सांगितल्यावर ती हसली आणि पेन मागून घेतलं. पहिल्या चौकटीतच अडली. सर्वेक्षणात दार ठोठावलं पण कुणी उघडलं नाही अशी घरं किती, हे त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. सर्वेक्षण करणाऱ्यांना मेल टाकलाय, उत्तर यायचंय.