जंगलजेटीवर कॅम्परव्हॅन चढवताना

आजचा टप्पा दाभोळ ते धोपावे, जंगलजेटीने, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीने. कोकण किनाऱ्याने कॅम्परव्हॅन घेऊन निघणाऱ्या जोडप्यांनी नकाशाआधी तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या आसपास. जुन्या दर्यावर्दी माणसांचं हे गणित आजही तितकंच कामाचं आहे! त्यानंतर सहा तासांनी ओहोटी.

उधाणाच्या दिवसांत ऐन ओहोटीला धक्क्याचा उतार खोलवर उघडा पडतो. बोटीची फळी आणि उतार यांच्यात कोन होतो, आणि मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा व्हॅनचा भाग तिथेच घासतो. सांडपाण्याची तोटी मागे असेल तर आधी तीच तुटते. म्हणून अर्धी भरती गाठा, सांडपाण्याची टाकी आधीच रिकामी करा. गॅस सिलिंडर बंद.

एकाने चालवायचं, दुसऱ्याने उतरून मागे नजर ठेवायची. हातांच्या खुणा घरूनच ठरवून निघा. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. पहिला गिअर, संथ, मध्ये न थांबता. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर गाडीखाली गोडं पाणी मारा, विशेषतः ब्रेकच्या नळ्यांवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर. खारं पाणी सांध्यांत साचून गंज धरतं.